तलाव खरोखर पन्नास मीटरचा आहे का? नवख्या पंच, संयोजक आणि पालकांसाठी मोजणीची रीत

2018 च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत, 50 मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत, कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. त्याने 22.47 सेकंदांची वेळ दिली आणि तिसऱ्या क्रमांकाची वेळ 22.46 होती. या वेगाने पोहणारा माणूस सेकंदाच्या शंभराव्या भागात साधारण 2.2 सेंटीमीटर पुढे जातो, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढे अंतर. घड्याळ इतका बारीक निवाडा करणार असेल, तर ज्या अंतरावर ते घड्याळ लावले आहे ते अंतरही तितक्याच बारकाईने मोजलेले असले पाहिजे, हे वेगळे सांगायला नको. प्रत्यक्षात मात्र घड्याळाची चौकशी सगळे करतात आणि तलावाच्या लांबीची फारसे कोणी करत नाही.

आपल्या भागात पोहणे शिकलेली एक मोठी पिढी विहिरीत, पंचगंगेच्या घाटावर किंवा पाठीला डबा बांधून एखाद्या तळ्यात शिकली, आणि तिथे लांबी हा प्रश्नच नव्हता. या काठावरून त्या काठावर गेले की पोहणे आले. स्पर्धेचा टँक ही निराळी वस्तू आहे. ज्यांच्यावर पहिल्यांदाच पंचाचे किंवा संयोजकाचे काम आले आहे, ज्यांच्या क्लबने नवा टँक बांधायला घेतला आहे, किंवा ज्यांच्या मुलाची वेळ एका टँकवर अचानक सुधारली आणि दुसऱ्यावर पुन्हा घसरली, अशांसाठी ही मोजणी टप्प्याटप्प्याने मांडली आहे.

नियम नेमके काय मागतो

जलतरणाची जागतिक संघटना, म्हणजे वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स, 50 मीटरच्या तलावासाठी 50.000 मीटर ही लांबी ठरवते आणि त्यावर फक्त अधिक 10 मिलिमीटरची सवलत देते; उणे बाजूला सवलत शून्य आहे. 25 मीटरच्या तलावालाही हाच न्याय लागू होतो. पूर्वी ही सवलत 3 सेंटीमीटरपर्यंत होती, त्यामुळे जुनी पुस्तिका हाताशी असेल तर तीतील आकडा वापरू नये. आपल्याकडच्या गवंड्याच्या भाषेत सांगायचे तर 10 मिलिमीटर म्हणजे जेमतेम तीन सूत, आणि तेही एकाच बाजूला.

ही लांबी प्रत्येक लेनमध्ये जुळावी लागते, आणि प्रत्येक लेनमध्येही दोन्ही टोकांच्या भिंतींवर पाण्याच्या पातळीच्या 30 सेंटीमीटर वरपासून 80 सेंटीमीटर खालपर्यंतच्या सर्व ठिकाणी जुळावी लागते. म्हणजे काठावरच्या फरशीवर टेप टाकून मिळालेला आकडा हा काठाचा आकडा असतो, तलावाचा नव्हे. पोहणारा काठाला हात लावत नाही. तो भिंतीला लावतो, आणि वळताना त्याचे पाय पाण्याखाली भिंतीवर आपटतात.

उणे बाजूला शून्य का, याचे उत्तर सोपे आहे. तलाव किंचित लांब असेल तर पोहणाऱ्याची वेळ थोडी वाढते, पण त्याने पूर्ण अंतर पोहले याबद्दल शंका राहत नाही. तलाव एक मिलिमीटरने जरी आखूड असला, तरी तिथे नोंदलेली वेळ पूर्ण अंतराची वेळ नव्हे, आणि अशा वेळेवर विक्रम मान्य होऊ शकत नाही.

आता टचपॅडचा मुद्दा. विजेवर चालणाऱ्या वेळनोंदणीत, पोहणाऱ्याचा हात लागताच घड्याळ थांबवणारा जो पॅड भिंतीवर लावतात तो किमान 2.4 मीटर रुंद आणि 0.9 मीटर उंच असतो, पाण्यावर 30 आणि पाण्याखाली 60 सेंटीमीटर राहतो, आणि त्याची जाडी जास्तीत जास्त 10 मिलिमीटर असू शकते. दोन्ही टोकांना पॅड लावायचे असतील, तर रिकाम्या भिंतींमधले अंतर 50.020 मीटर ठेवावे लागते, म्हणजे पॅड लावल्यावर नेमके 50.000 उरते. फक्त सुरुवातीच्या टोकाला पॅड असेल तर 50.010 पुरते. नवा टँक बांधणाऱ्यांनी ठेकेदाराला हा आकडा पहिल्याच दिवशी लेखी द्यावा. भिंत उभी राहिल्यावर तिच्यातून दोन सेंटीमीटर काढणे किती महाग पडते, हे ज्याने ते एकदा काढले आहे त्यालाच माहीत असते.

तलाव आखूड कसा होतो

तलाव मुद्दाम आखूड कोणी बांधत नाही. तो फुटांमुळे होतो, किंवा फरश्यांमुळे.

बांधकामावर अजूनही फुटांचा हिशेब चालतो. 25 मीटर म्हणजे 82 फूट, असे धरून आखणी केली की भिंतींमधले अंतर 24.994 मीटर भरते, म्हणजे 6 मिलिमीटरहून थोडे अधिक कमी. 50 मीटरसाठी 164 फूट धरले तर 49.987 मीटर मिळतात, म्हणजे 13 मिलिमीटर कमी. कागदावर हा तलाव 25 किंवा 50 मीटरचाच दिसतो, उद्घाटनाच्या फलकावरही तसेच कोरले जाते, आणि पुढची कित्येक वर्षे तिथे विक्रमांच्या गोष्टी होत राहतात.

दुसरे कारण दुरुस्तीचे. जुन्या गिलाव्यावर नवा मसाला आणि त्यावर नवी टाइल बसवली की एका भिंतीची जाडी सहज दोन-अडीच सेंटीमीटरने वाढते. दोन्ही टोकांना तसे केले की चार-पाच सेंटीमीटर जातात. तलाव बांधला तेव्हा बरोबर होता, प्रमाणपत्रही खरे होते, पण ते प्रमाणपत्र आता अस्तित्वात नसलेल्या भिंतींचे आहे. म्हणून टाइल बदलली, गिलावा केला किंवा टोकाच्या भिंतीला तडा बुजवला की मोजणी पुन्हा करावीच लागते. काळ्या मातीत बांधलेल्या टँकवर तर काही वर्षांनी एकदा, दुरुस्ती झाली नसली तरी, मोजून पाहणे शहाणपणाचे ठरते, कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते.

साधन निवडताना

कापडी किंवा फायबरचा टेप या कामाला चालत नाही, कारण तो ताणानुसार लांबतो. पोलादी टेपही कोणताही चालत नाही. टेपच्या सुरुवातीच्या भागावर रोमन अंकात त्याचा वर्ग छापलेला असतो. दुसऱ्या वर्गाच्या 50 मीटर टेपला 10.3 मिलिमीटरपर्यंतची चूक माफ असते, म्हणजे संपूर्ण सवलतीपेक्षा टेपचीच चूक मोठी. पहिल्या वर्गाच्या टेपला 5.1 मिलिमीटर माफ असतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्यात व्हर्नियरची, म्हणजे बारीक माप घेण्याच्या साधनाची, मागच्या वर्षीची तपासणीची चिठ्ठी नसेल तर त्या मापाने बनवलेला माल परत येतो. तलावाच्या मोजणीत आपण त्याहून कमी काटेकोर असण्याचे कारण नाही. टेप वापरायचा तर पहिल्या वर्गाचा, आणि प्रयोगशाळेत तपासून त्याची नेमकी चूक लिहून दिलेला असावा.

टोटल स्टेशन हे सर्वेक्षकाचे यंत्र या कामाला सर्वांत योग्य, असे माझे मत आहे. चांगल्या यंत्राची चूक 50 मीटरवर दोन-तीन मिलिमीटरच्या आत राहते, ते आडवे अंतर आपोआप काढते, आणि टेपच्या ज्या खोड्या पुढे येणार आहेत त्यातली एकही त्याला नाही. फक्त ओल्या, चकाकणाऱ्या टाइलवर थेट नेम धरू नये. भिंतीला घट्ट टेकवलेल्या सपाट पट्टीवर प्रिझम किंवा कागदी लक्ष्य लावून त्यावर नेम धरावा.

हातात मावणारा लेझर मीटर स्वस्त आणि सोयीचा आहे, आणि त्याची चूकही दीड-दोन मिलिमीटरच असते. पण उन्हात त्याचा ठिपका 50 मीटरवर दिसत नाही, आणि त्याची किरणे कधीही पाण्यातून पाठवू नयेत. प्रकाश पाण्यात हळू चालतो, त्यामुळे 10 मीटर पाणी यंत्राला 13 मीटरहून जास्त वाटते.

टेप कुठे फसवतो

बहुतेक ठिकाणी शेवटी टेपच वापरला जातो, म्हणून हा भाग नीट समजून घ्यावा.

पहिली चूक झोळाची. 50 मीटरचा टेप एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत पाण्यावर अधांतरी धरला, तर तो मध्ये खाली लोंबतो आणि लोंबणारा टेप सरळ अंतरापेक्षा जास्त आकडा दाखवतो. 13 मिलिमीटर रुंद आणि 0.2 मिलिमीटर जाड पोलादी टेपचे 50 मीटरचे वजन सुमारे एक किलो भरते. तो 5 किलोच्या ताणाने धरला तर मध्यभागी सव्वा मीटर खाली येतो, आणि वाचन तब्बल 87 मिलिमीटर जास्त मिळते. 10 किलोच्या ताणाने हीच चूक 22 मिलिमीटर होते. याचा अर्थ, आठ सेंटीमीटर आखूड असलेला तलाव असा मोजला तर उत्तम भरेल. उपाय असा की टेपला दर दोन-तीन मीटरवर आधार द्यावा. पाण्यावर तरंगणाऱ्या किकबोर्डांची रांग लावून त्यांवर टेप ठेवला तर हा आधार सहज मिळतो, पण ते सारे बोर्ड एकाच उंचीचे असावेत.

दुसरी चूक तिरकेपणाची. एका टोकाला टेप लेनच्या मध्यावर आणि दुसऱ्या टोकाला अर्धा मीटर बाजूला धरला, तर अडीच मिलिमीटर जास्त वाचन मिळते. एक मीटर बाजूला गेला तर 10 मिलिमीटर. तळावरची काळी रेघ हा चांगला आधार आहे, परंतु ती रेघच तिरकी नाही ना, हे आधी पाहावे. 50 बाय 25 मीटरच्या टँकचे दोन्ही कर्ण 55.90 मीटरच्या आसपास आणि एकमेकांना सारखे भरत असतील, तर टोकाच्या भिंती काटकोनात आहेत असे समजावे.

तिसरी चूक हवेची. पोलादी टेपवरची मापे 20 अंश सेल्सिअसला खरी असतात. कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटे पारा 15 अंशांवर असेल तर 50 मीटरचा टेप सुमारे 3 मिलिमीटरने आक्रसलेला असतो, आणि त्याने 50.000 दाखवले तर खरे अंतर 49.997 असते, म्हणजे तलाव नापास. उलट एप्रिलच्या दुपारी टेप 35 अंशांवर पोहोचला की तो सुमारे साडेआठ मिलिमीटरने लांबतो आणि वाचन तितकेच कमी देतो. उन्हात पडलेला टेप हवेपेक्षाही जास्त तापतो, म्हणून थर्मामीटर टेपला टेकवून तापमान घ्यावे. हिशेब सोपा आहे: 20 अंशांपासून दर अंशाला, 50 मीटरवर, 0.58 मिलिमीटर, टेप गरम असेल तर वाचनात मिळवायचे, गार असेल तर वजा करायचे.

ताणाचेही तसेच. टेपवर छापलेला ताण, बहुधा 5 किलोच्या आसपास, स्प्रिंगच्या वजनकाट्याने मोजून द्यावा. दोन धडधाकट पोरांनी जोर लावून ताण दुप्पट केला तर टेप सुमारे 5 मिलिमीटरने लांबतो.

या चुका एकत्र पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. झोळ, तिरकेपणा, लाटेवरचे हेलकावे, पहाटेचा गारठा, या सर्वांमुळे वाचन वाढते, म्हणजे तलाव आहे त्यापेक्षा लांब दिसतो. वाचन कमी करणारी कारणे फक्त ऊन आणि अति ताण ही दोनच. नियमाला मात्र लांब तलाव थोडा चालतो आणि आखूड मुळीच चालत नाही. म्हणून निष्काळजी मोजणी जवळजवळ नेहमीच आखूड तलावाला पास करते. ‘भरतोय की पन्नास, थोडा जास्तच आहे’ हे वाक्य ऐकू आले की मी आधी टेपच्या मध्यभागाकडे पाहतो.

प्रत्यक्ष मोजणी

पाण्याची पातळी स्पर्धेच्या दिवशी असते तितकीच ठेवावी, कारण भरलेल्या आणि रिकाम्या टँकच्या भिंती अगदी सारख्या उभ्या राहतात असे नाही. लेनच्या दोऱ्या स्पर्धेसारख्याच ताणून बांधाव्यात. विशेषतः एका टोकाला सरकता पूल, म्हणजे जागा बदलता येणारी आडवी भिंत, असेल तर या दोऱ्यांच्या ओढीने तो मधल्या लेनमध्ये आत वाकतो. पॅड वापरणार असाल तर ते लावूनच मोजावे. पंप बंद करून पाणी शांत होऊ द्यावे, आणि ऊन वर येण्याआधी किंवा ढगाळ दिवशी काम उरकावे.

पाण्याखालचे 80 सेंटीमीटर मोजण्यासाठी गवंड्याचा ओळंबा हे फार गुणी साधन आहे. प्रत्येक लेनच्या मध्यावर, दोन्ही टोकांना, भिंतीपासून पाच-सहा सेंटीमीटर आत, वरच्या आधारावरून जड ओळंबा पाण्यात सोडावा आणि तो स्थिर होईपर्यंत थांबावे. दोन दोऱ्यांमधले अंतर पाण्याच्या वर एकदा काळजीपूर्वक मोजावे. मग प्रत्येक टोकाला दोरीपासून भिंतीपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने तीन उंचींवर घ्यावे: पाण्याच्या 30 सेंटीमीटर वर, पातळीवर, आणि 80 सेंटीमीटर खाली. खालचे वाचन गॉगल लावलेला पोहणारा घेतो. पाण्याखाली सारे मोठे दिसते अशी शंका येथे हटकून निघते, पण अंतर जितके मोठे दिसते तितकीच पट्टीही मोठी दिसते, त्यामुळे आकडा बिघडत नाही.

उदाहरण घेऊ. समजा चौथ्या लेनमध्ये दोऱ्यांमधले अंतर, सर्व दुरुस्त्या करून, 49.880 मीटर आले. पाण्याच्या वर दोन्ही टोकांची अंतरे 66 आणि 63 मिलिमीटर, म्हणून तिथली लांबी 50.009, उत्तम. खाली 80 सेंटीमीटरवर तीच अंतरे 56 आणि 58 मिलिमीटर निघाली, म्हणून तिथली लांबी 49.994. भिंती खाली आत झुकलेल्या आहेत आणि ही लेन 6 मिलिमीटरने नापास आहे. काठावरून टेप टाकणाऱ्याला हे कधीच दिसले नसते.

आठ लेनच्या टँकवर अशा चोवीस लांब्या निघतात. प्रत्येक मोजमाप टेपची टोके उलटी करून दुसऱ्यांदा घ्यावे. दोन वाचनांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घ्यावे. या चोवीस आकड्यांची सरासरी कोणी मागितली तर देऊ नये. सर्वांत लहान आकडा 50.000 च्या खाली नाही आणि सर्वांत मोठा 50.010 च्या वर नाही, एवढेच पाहायचे असते, आणि एका लेनची उणीव दुसरीच्या जादा लांबीने भरून निघत नाही.

शेताच्या मोजणीला दोन्ही बांधकरी हजर असतात, आणि ही रीत येथेही पाळावी. दुसऱ्या क्लबचा एक माणूस बोलावून त्याच्यासमोर वाचने मोठ्याने म्हणावीत आणि लिहिणाऱ्याने ती पुन्हा म्हणून खात्री करावी. नोंदीत तारीख, वेळ, हवेचे व टेपचे तापमान, दिलेला ताण, साधनाचा क्रमांक, त्याच्या तपासणीची तारीख आणि पॅड लावलेले होते की नाही, हे सर्व यावे.

मोजणी आपण केली तरी प्रमाणपत्र आपण देऊ शकत नाही. ते सर्वेक्षकाने किंवा देशाच्या जलतरण महासंघाने नेमलेल्या अथवा मान्य केलेल्या पात्र अधिकाऱ्याने द्यावे लागते. आपल्या मोजणीचा उपयोग एवढाच, की तो अधिकारी येण्याआधी आपल्याला आपला तलाव माहीत असतो. सरकता पूल असलेल्या टँकवर विक्रमाची वेळ नोंदली गेली, तर ते सत्र संपताच त्या लेनची लांबी पुन्हा मोजून पक्की करावी लागते.

आकडा चुकला तर

पॅडशिवाय तलाव 50.020 ते 50.030 भरत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. दोन्ही टोकांना 10 मिलिमीटरचे पॅड लावले की तो नियमात बसतो. आखूड तलावाला मात्र भिंत खरवडण्याखेरीज इलाज नाही, आणि दोन्ही टोकांऐवजी एकाच टोकाची टाइल काढून पातळ थरात पुन्हा बसवणे कमी खर्चाचे पडते. तोपर्यंत तिथे सराव आणि शालेय मेळावे खुशाल घ्यावेत, पण निवडीसाठी वेळ नोंदवणार असल्याचे पत्रक काढू नये. एका टँकवर हे मी पुढे मांडले तेव्हा ‘पाच मिलिमीटरने कुणाचे काय बिघडते’ असे उत्तर मिळाले. त्याचा हिशेब असा: 1500 मीटरच्या शर्यतीत 50 मीटरच्या तीस फेऱ्या होतात, म्हणजे 15 सेंटीमीटर कमी पोहले जातात, आणि सेकंदाला दीड मीटर पोहणाऱ्या मुलाला सेकंदाचा दहावा भाग फुकट मिळतो.

वेळनोंद शंभराव्या भागावर थांबते, तीही याच कारणाने. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 400 मीटर वैयक्तिक मेडलेचे सुवर्णपदक गुन्नार लार्सन याला टिम मॅकी याच्यावर 0.002 सेकंदाच्या फरकाने दिले गेले. त्या वेगाने हे अंतर 3 मिलिमीटर, म्हणजे एक सूतही नाही, आणि एकाच तलावाच्या दोन लेनमध्ये त्याहून मोठा फरक नियमानुसारही असू शकतो. त्यानंतर हजाराव्या भागावर निकाल देणे बंद झाले, आणि म्हणूनच 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 100 मीटर बटरफ्लायचे रौप्यपदक 51.14 सेकंदांच्या समान वेळेवर तिघांना विभागून मिळाले.

पालकांसाठी यातले काम थोडेच आहे. मुलाच्या वहीत वेळेशेजारी टँक 25 मीटरचा की 50 मीटरचा आणि वेळ पॅडवरची की हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचची, हे लिहावे. 25 मीटरच्या टँकमध्ये वळणे दुपटीहून जास्त असतात आणि प्रत्येक वळणाला भिंतीचा रेटा मिळतो, त्यामुळे त्या दोन वेळा एका रांगेत मांडता येत नाहीत. आणि एखाद्या टँकवरची वेळ निवडीसाठी पाठवायची असेल, तर फॉर्म भरण्याआधी तिथल्या कार्यालयात लांबीचे प्रमाणपत्र पाहायला मागावे व त्यावरची तारीख शेवटची टाइल बसवल्यानंतरची आहे का, एवढे वाचावे.